गॅरेज हाच कारखाना

जुनी गाडी पूर्ववत करायला घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा ती कशी होती? रंग कोणता होता, सीटचे कापड कोणते, दिव्यांवर छाप कोणाचा, बोल्ट कोणत्या मापाचे. बहुतेक गाड्यांच्या बाबतीत याचे उत्तर कंपनीच्या नोंदींत, जाहिरातपत्रकांत आणि सुट्या भागांच्या याद्यांत मिळते, आणि मग सगळे काम त्या उत्तराच्या दिशेने चालते. ड्यून बगीला हा प्रश्न विचारून काहीच हाती लागत नाही, कारण ती पूर्ण गाडी म्हणून सहसा कोणत्याही कारखान्यातून बाहेर पडलीच नव्हती. कारखान्यातून निघाला तो फायबरग्लासचा एक रिकामा कवच-भाग. त्याखालचा सांगाडा, इंजिन, चाके, स्टिअरिंग, वायरिंग हे सगळे विकत घेणाऱ्याने भंगारातल्या किंवा अपघातात चेपलेल्या फोक्सवॅगन बीटलमधून काढले, कापले, जोडले आणि आपल्या घरच्या गॅरेजात उभे केले. या पुस्तकाचा विषय अशा गाडीला घरच्याच गॅरेजात पुन्हा उभे करण्याचा आहे. घरचे गॅरेज म्हणजे व्यावसायिक वर्कशॉप परवडत नाही म्हणून पत्करलेला दुय्यम पर्याय, असा समज सर्वत्र आहे. बगीच्या बाबतीत तो चुकीचा आहे असे माझे मत आहे. जिथे ही गाडी जन्मली तीच जागा म्हणजे घरचे गॅरेज, आणि पुनर्बांधणी करणारा हा पहिल्या बांधणाऱ्याचा वारस आहे. हे मान्य केले की ‘मूळ’ म्हणजे काय, काय राखायचे, काय बदलायचे, या प्रश्नांची उत्तरे बदलतात.

नवख्या वाचकासाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पिस्मो बीचजवळ वाळूच्या मोठ्या टेकड्या आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तिथे हौशी मंडळी जुन्या अमेरिकन गाड्यांचा पत्रा उतरवून, सांगाडा आखूड करून, रुंद टायर चढवून वाळूत उतरत असत. ही यंत्रे ताकदीची, पण जड. पुढे पाण्याचा रेडिएटर, त्यामागे मोठे व्ही-८ इंजिन, आणि रेटा मात्र मागच्या चाकांनी द्यायचा. वाळूत गाडीचे नाक रुतायचे. बीटलने हे गणित पालटले. तिचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलेले असते, त्यामुळे वजन नेमके रेटा देणाऱ्या चाकांवर येते. ते हवेने थंड होते, म्हणजे रेडिएटर नाही, पाणी नाही, फुटणारा होज नाही. गाडीचा तळ जवळजवळ सपाट, त्यामुळे तो वाळूवर अडकण्याऐवजी घसरतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिची बॉडी फ्लोअरपॅनवर, म्हणजे तळाच्या सांगाड्यावर, बोल्टनी बसवलेली असते. बोल्ट सोडले की वरचा सगळा पत्रा उचलून बाजूला ठेवता येतो आणि खाली इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, स्टिअरिंगसकट चालता सांगाडा उरतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रिव्हरसाइड इथल्या जो व्हिटोन यांच्या ‘एम्पी’ या कंपनीने या सांगाड्यावर बसणारी सपाट पत्र्याची ‘स्पोर्टस्टर’ ही बॉडी काढली. ती उपयोगाची होती, पण पेटीसारखी, कोपरे-कोपऱ्यांची.

तिथे ब्रूस मायर्स आले. १९२६ साली जन्मलेले मायर्स चित्रकलेचे शिक्षण घेतलेले, लाटांवर फळी चालवणारे, युद्धात ‘बंकर हिल’ या विमानवाहू नौकेवर असलेले, आणि न्यूपोर्ट बीचच्या परिसरात फायबरग्लासच्या शिडाच्या होड्या बांधणारे कारागीर. बगीच्या इतिहासातले सर्वांत निर्णायक वळण एका होडी बांधणाऱ्याच्या हातून आले, हे नीट लक्षात घेण्याजोगे आहे. होडीच्या कामात ताकद जाडीतून येत नाही, ती वक्रतेतून येते. सपाट पत्रा लवचिक असतो, पण दोन दिशांनी वळवलेला पातळ कवच-भाग ताठ राहतो. १९६४ मध्ये मायर्स यांनी हेच तत्त्व गाडीला लावून ‘ओल्ड रेड’ ही लाल बगी तयार केली. हर्णै किंवा मालवणच्या बंदरात फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराला मायर्स यांची पद्धत समजावून सांगावी लागणार नाही: साच्याला मेण, त्यावर रंगीत जेलकोट, मग रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंच्या मॅटचे थर, आणि वाळल्यावर साच्यातून सुटणारी वस्तू, जिचा बाहेरचा रंग नंतर फासलेला नसून तिचा पहिला थर असतो. ‘ओल्ड रेड’ आणि तिच्यासारख्या पहिल्या डझनभर गाड्यांत वेगळा सांगाडाच नव्हता. कवचच सांगाड्याचे काम करी. त्या सुंदर होत्या, पण बांधायला अवघड आणि महाग. म्हणून मायर्स यांनी पुढची बॉडी अशी आखली की ती बीटलच्याच फ्लोअरपॅनवर बसावी. फक्त पॅन मधून सव्वाचौदा इंच, म्हणजे सुमारे ३६ सेंटिमीटर, कापून आखूड करायचा. हीच ती प्रसिद्ध ‘मायर्स मँक्स’. त्या एका कापण्याने कारखान्याचे अर्धे काम गिऱ्हाइकाच्या गॅरेजात गेले, आणि या पुस्तकाचा विषय जन्माला आला.

पुढचा इतिहास वेगाने घडला. एप्रिल १९६७ मध्ये मायर्स आणि टेड मँगल्स यांनी ‘ओल्ड रेड’ घेऊन मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात ला पाझ ते तिहुआना हा बहुतांश कच्चा, दगडधोंड्यांचा मार्ग ३४ तास ४५ मिनिटांत पार केला. त्याआधीचा विक्रम मोटरसायकलींचा होता. तो पाच तासांहून अधिक फरकाने मोडला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस ‘मेक्सिकन १०००’ ही पहिली शर्यत झाली, जी पुढे ‘बाहा १०००’ म्हणून जगभर गाजली, आणि तीही व्हिक विल्सन व मँगल्स यांनी मँक्स चालवूनच जिंकली. १९६८ च्या ‘द थॉमस क्राउन अफेअर’ या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने समुद्रकाठी बगी उधळली. मागणी उसळली आणि तिच्यामागोमाग नकला आल्या. साचा काढायला सोपा: एक मँक्स विकत घ्या, तिच्यावरूनच साचा उतरवा. मायर्स यांनी पेटंट घेतले होते, पण ते न्यायालयात टिकले नाही. मूळ मँक्सच्या बॉड्या पाच ते सात हजारांच्या दरम्यान निघाल्या असे मानतात; नकलांचे अंदाज मात्र अडीच लाखांपर्यंत जातात. १९७१ मध्ये मायर्स यांची कंपनी बंद पडली. तोवर बगी देशोदेशी पोचली होती. ब्रिटनमध्ये ‘जीपी’, बेल्जियममध्ये ‘अपाल’, जर्मनीत ‘गुटे फार्ट’ या मोटारविषयक मासिकाच्या पुढाकाराने ओस्नाब्रूकच्या ‘कार्मान’ने काढलेली बगी. ब्राझीलमध्ये तर ती हौसेपुरती राहिली नाही. नाताळ शहराजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर पर्यटकांना फिरवणाऱ्या बगीचालकांचा तो धंदा झाला आणि आजही आहे. दुसरी शाखा शर्यतींतून फुटली. तिने फायबर पूर्ण टाकून दिले आणि नुसत्या पोलादी नळ्यांचा पिंजरा उभा केला. ‘चेनोथ’ हे त्यातले ठळक नाव. त्यांच्या गाड्या पुढे अमेरिकन लष्करानेही वापरल्या. हे पुस्तक या दुसऱ्या शाखेत शिरत नाही. नळ्यांच्या बगीचे प्रश्न वेगळे आहेत आणि तिला वेगळे पुस्तक हवे.

आता मूळ मुद्द्याकडे. मँक्सचा संच विकत घेणाऱ्याच्या घरी जे आले त्यात बॉडी, बॉनेट, डॅशबोर्ड आणि किरकोळ साहित्य होते. बाकी निर्णय त्याचे. इंजिन १२०० सीसीचे की १५०० चे, की मॅक्वीनच्या चित्रपटातल्या बगीप्रमाणे ‘कॉर्व्हेअर’ गाडीचे? हेडलाइट बॉनेटवर उभे ठेवायचे की बाजूला? सायलेन्सर कसा वळवायचा, मीटर किती आणि कुठे, रोल-बार लावायचा की नाही? एकाच साच्यातून निघालेल्या दोन बग्या शेजारी ठेवल्या तर क्वचितच सारख्या दिसतात. आणि हे निर्णय घेणारी माणसे बहुतेक व्यावसायिक नव्हती. १९६९ मध्ये जॉन म्यूर या इंजिनिअरने नवख्यांसाठी बीटल दुरुस्तीचे पुस्तक लिहिले, ‘हाऊ टू कीप युवर फोक्सवॅगन अलाइव्ह’. ज्याने आयुष्यात पाना हातात धरला नाही त्याला इंजिन उतरवायला शिकवणारे ते पुस्तक प्रचंड खपले, यावरून त्या पिढीची घरच्या गॅरेजकडे बघण्याची दृष्टी कळते. बीटलचे इंजिन चार प्रमुख नट-बोल्टांवर गिअरबॉक्सला टेकलेले असते. जॅक आणि धीर एवढ्यावर ते खाली उतरते. यंत्राची ही मोकळी रचना, फायबरचा संच आणि म्यूरसारखी पुस्तके अशा तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा हजारो गॅरेजांचा मिळून एक विखुरलेला कारखानाच झाला. म्हणूनच जो म्हणतो की बगी ‘कारखान्यातून आल्यासारखी’ करून दाखवतो, तो एका न घडलेल्या घटनेची प्रतिकृती करत असतो.

जुन्या वस्तू राखण्याबद्दलचा वाद मोटारींहून कितीतरी जुना आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचे व्हियोले-ल-द्युक जुन्या इमारती आदर्श, परिपूर्ण रूपात नेऊ पाहत होते, तर इंग्लंडचे जॉन रस्किन अशा पुनर्निर्मितीला वास्तूचा नाशच मानत. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंपुरता एक मध्यम मार्ग आखला: प्रत्येक काळाने घातलेली भर आदराने जपावी, आणि अंदाज सुरू होतो तिथे पुनर्रचना थांबावी. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक संघटनेने २०१२-१३ मध्ये तुरीन सनदेत हाच विचार वाहनांना लावला. बगीच्या जगात या वादाचे तीन मुख्य पंथ दिसतात. पहिला चकचकीत पंथ: सगळे सोडवा, सगळे नव्याने रंगवा, क्रोम करा, प्रदर्शनात ठेवा. दुसरा राखणाऱ्यांचा: झिजलेला जेलकोट, फाटलेली सीट, जुना स्टिकर, काहीच पुसू नका; चालण्यापुरते आणि धोका टाळण्यापुरतेच हात लावा. तिसरा सुधारकांचा: डिस्क ब्रेक घाला, सुबारूचे इंजिन बसवा, अलीकडे तर वीजमोटर घाला; मायर्स यांच्या नावाची कंपनी २०२० मध्ये नव्या मालकांकडे गेल्यावर तिनेही विजेवरची मँक्स जाहीर केली. तिसऱ्या पंथाचा दावा असा की बगी ही बदल करण्यासाठीच जन्मली, तेव्हा बदल करणे हीच तिची परंपरा. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार करताना हेच म्हटले जाते, आणि वापरातली वास्तू जिवंत राहते हे खरेही आहे. पण त्याच भरात काळ्या पाषाणावर ऑइलपेंट फासला जातो, आणि तो पुढे काढता येत नाही.

मला यातला कोणताही पंथ संपूर्ण मान्य नाही. माझा कौल दुसऱ्याकडे झुकतो, पण त्याच्या कारणांसाठी नाही. राखणारे वस्तूचे वय राखू पाहतात. मला बांधणाऱ्याचे निर्णय राखणे महत्त्वाचे वाटते. फरक प्रत्यक्ष कामात कळतो. जेलकोटचेच बघा. साठच्या दशकात जेलकोटमध्ये धातूची चमचमती कपची मिसळून साच्यात फवारण्याची पद्धत होती. तो रंग बॉडीच्या अंगात असतो. पन्नास वर्षांच्या उन्हाने तो वरून खडूसारखा पांढुरका होतो आणि घेणारा माणूस समजतो की रंग गेला. खरे तर बहुतेक वेळा वरचा मेलेला पापुद्राच तेवढा गेलेला असतो. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, हलक्या हाताने, कडांपासून दूर राहून घासले आणि मग पॉलिश केले, तर खालचा रंग परत येतो. याउलट एकदा त्यावर प्रायमर आणि नवा रंग चढला की मूळ पृष्ठभाग खरवडला गेलेला असतो. तो पुन्हा तयार करायचा तर साच्यात जावे लागेल. तडे हा दुसरा प्रश्न. आरशाला दगड लागावा तसे कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे बोल्टभोवती दिसतात. पुट्टी भरून ते झाकणे सोपे, आणि वर्षभरात ते पुन्हा डोके वर काढतात, कारण तडा हे लक्षण असते. खरा दोष घट्ट आवळलेला बोल्ट, नसलेला वॉशर किंवा पॅनला नीट न बसलेली बॉडी हा असतो. आधी कारण काढायचे. मग तडा उतरत्या कडांनी लांबवर घासून, आतल्या बाजूने मॅट आणि रेझिनचे नवे थर द्यायचे, आणि शेवटी बाहेरून फक्त जेलकोट भरायचा. रेझिनमध्ये हार्डनरचे प्रमाण साधारण एक ते दोन टक्के; उकाड्यात कमी, गारठ्यात जास्त. हा हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते आणि फायबरची धूळ फुप्फुसात बसते, म्हणून चष्मा आणि योग्य मास्क नसेल तर काम सुरूच करू नये. यात कुठेही कारखाना लागत नाही. लागतो तो वेळ, आणि तो घरच्या गॅरेजात सर्वांत स्वस्त मिळतो. तासाचे पैसे घेणाऱ्या वर्कशॉपला दिवसदिवस घासत बसणे परवडत नाही, म्हणून ते रंग चढवते.

पहिला मोठा आक्षेप इथेच येतो, आणि तो गंभीर आहे. हौशी माणसाने कापून जोडलेल्या पॅनवर माणसाचा जीव बसतो. अशा बांधणीचा आदर काय करायचा? आक्षेपात तथ्य आहे. बीटलच्या पॅनचा कणा म्हणजे मधला बोगदा. त्यातून क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल, गिअरचा दांडा आणि पेट्रोलची नळी जाते. साठच्या दशकात काहींनी तो नीट कापला, आतून आधारपट्ट्या दिल्या. काहींनी नुसता वरवर टाका मारला. गंज पुढच्या टोकाला, जिथे पुढचा सस्पेन्शन-बीम बसतो, तिथे आतून खातो आणि बाहेरून दिसत नाही. सीटबेल्ट किंवा रोल-बार फायबरलाच बोल्ट केलेले असतील तर ते अपघातात कागदासारखे फाटून येतात. शिवाय बगीचे पुढचे टोक इतके हलके असते की बीटलचे ब्रेक तसेच ठेवले तर पुढची चाके लवकर लॉक होतात. तेव्हा बांधणाऱ्याच्या निर्णयांचा आदर म्हणजे त्याच्या वाईट वेल्डिंगचा आदर नव्हे. जिथे चूक जीव घेऊ शकते तिथे, म्हणजे पॅनचा जोड, स्टिअरिंग, ब्रेक, पेट्रोलची वाट आणि बेल्टचे आधार, इथे आजचे सर्वोत्तम ज्ञान वापरावे, मूळ काहीही असले तरी. आणि घरच्या गॅरेजचा अर्थ सगळे एकट्याने करणे असा कधीच नव्हता. बीटलचा क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. मुख्य बेअरिंगच्या बैठका झिजल्या की त्या एका रेषेत बोअर कराव्या लागतात, आणि ते काम त्या काळीही मशिन शॉपमध्येच जाई. पॅनचा जोड प्रमाणित वेल्डरकडे द्यावा, क्रँककेस मशिन शॉपकडे द्यावा. उरलेले नव्वद टक्के काम, उतरवणे, मोजणे, साफ करणे, तपासणे, जुळवणे, हे घरचे. टॅपेट ०.१५ मिलिमीटरवर सेट करायला कोणाची पदवी लागत नाही. इंजिन पूर्ण थंड हवे आणि घाई नको.

इंजिनाबद्दल एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण तिथे दिखाऊपणाने सर्वांत जास्त नुकसान केले आहे. बीटलचे इंजिन पत्र्याच्या पेटीत बसवलेले असते आणि पंख्याची हवा सिलिंडरांभोवतीच्या पत्र्यांतून फिरवली जाते. बगीत इंजिन उघडे असते, आणि ते देखणे दिसावे म्हणून अनेकांनी हे पत्रे काढून टाकले. परिणामी पंख्याने ढकललेली हवा भलतीकडे जाते आणि तापलेली हवा पुन्हा पंख्यात शिरते. जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणाच्या आत, तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत होता. तो सिलिंडर आधीच जास्त तापतो. तेल फक्त अडीच लिटर, आणि मूळ इंजिनाला फिल्टर नाही, नुसती जाळी. अशा यंत्रात प्रत्येक पत्रा कामाचा असतो. पहिल्या मालकाने पत्रे काढले होते म्हणून ‘त्याचा निर्णय’ सांगत ते गायब ठेवणे हा माझ्या युक्तिवादाचा गैरवापर ठरेल.

दुसरा आक्षेप विचारांचा आहे. प्रत्येक बगी वेगळी, मूळ नमुना नाहीच, तर मग काहीही चालेल ना? उलट. नमुना नाही म्हणूनच पुराव्याची जबाबदारी वाढते. कारखान्याच्या गाडीबाबत पुरावा कारखान्यात असतो. बगीबाबत तो फक्त त्या एका गाडीत असतो, आणि आपण तो सोडवताना नष्ट करत असतो. डॅशबोर्डमागचे बुजवलेले भोक सांगते की इथे एकेकाळी दुसरे मीटर होते. रंगाच्या कडेखाली जेलकोटचा मूळ रंग दिसतो. पॅनच्या जोडावरून बांधणाऱ्याचा हात कळतो. बोगद्यावर मागच्या बाजूला ठोकलेला चॅसिस क्रमांक सांगतो की खालची बीटल कोणत्या सालची, आणि त्यावरून पुढे बॉल-जॉइंट असायला हवेत की त्याआधीच्या पद्धतीचे किंग-पिन, हे समजते. अस्सल मँक्स आणि नक्कल यांच्या किमतीत आज मोठे अंतर आहे, म्हणून बनावट पट्ट्याही फिरतात. पण एक गोष्ट स्पष्ट म्हणावीशी वाटते: नक्कल बगी ही पुनर्बांधणीला कमी पात्र नाही. पंधरा हातांतून गेलेली, नाव पुसलेली, कुठल्याशा छोट्या शहरातल्या शेडमध्ये साच्यातून निघालेली बगी त्या काळाचा तितकाच खरा दस्तऐवज आहे. किंमत आणि महत्त्व या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

तिसरा आक्षेप वाळूच्या बाजूने आहे. टेकड्या ओसाड दिसतात, पण नसतात. पिस्मोजवळच्या ओशियानो ड्यून्समध्ये स्नोई प्लोव्हर हा छोटा पक्षी वाळूतच अंडी घालतो. तिथे वाहने बंद करावीत यासाठी २०२१ मध्ये कोस्टल कमिशनने ठराव केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. सार्वजनिक जमिनींवर अशा वाहनांना आवर घालणारा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा आदेश तर १९७२ चा आहे. म्हणजे बगीच्या भरभराटीला दहा वर्षेही झाली नव्हती तेव्हाच तिचे नुकसान दिसले होते. या आक्षेपाला बगल देऊ नये. बगी पूर्ववत करणे आणि ती हवी तिथे उधळणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याने दुसऱ्याचा हक्क मिळत नाही. आखून दिलेल्या क्षेत्राबाहेर, कोणत्याही देशात, ती चालवू नये. कोकणच्या ज्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात तिथे तर कोणतेच वाहन उतरता कामा नये.

मराठी वाचक इथे विचारेल, हे सगळे आमच्यासाठी कशाला? प्रामाणिक उत्तर असे की भारतात रस्त्यावरची बगी हा जवळजवळ बंद मार्ग आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात फेरफार करू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच अधोरेखित केले. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ ही स्वतंत्र नोंदणी मालिका आणली, पण ती मूळ स्वरूपात राहिलेल्या, चॅसिस-बॉडी-इंजिनात मोठा बदल न झालेल्या वाहनांसाठी आहे. नियम करणाऱ्यांचा हेतू रास्त आहे. मात्र त्यांच्या व्याख्येत कारखाना हाच एकमेव जन्मदाता आहे. गॅरेजात जन्मलेल्या गाडीला तिथे जागाच नाही. तरीही पुस्तक मराठीत असण्याला दोन कारणे आहेत. कॅलिफोर्निया, टेक्सास, इंग्लंड, जर्मनी इथे गॅरेज असलेले, कायद्याने बगी बाळगू शकणारे मराठी लोक आता पुष्कळ आहेत. आणि इथे पुण्या-कोल्हापुरात जुन्या जीप, स्कूटर, फियाट उभ्या करणाऱ्यांचे हात फार कुशल आहेत, पण त्यांच्या ज्ञानाला मराठीत लेखी रूप जवळजवळ नाही. मेस्त्रीकडून शागिर्दाकडे तोंडी जाणारे हे ज्ञान मेस्त्रीबरोबर संपते. तडा कसा वाचायचा, गंज कुठे शोधायचा, काय राखायचे, याचा विचार जीपलाही तितकाच लागू आहे.

वेळेचा प्रश्नही आहे. शेवटची मूळ बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे तयार झाली. मायर्स २०२१ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ९४ व्या वर्षी गेले. ज्यांनी साठच्या दशकात आपल्या हातांनी पॅन कापले ती माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. सुटे भाग अजून बनतात, पण दर्जा घसरला आहे आणि चांगला जुना जर्मन भाग दुरुस्त करणे हे नवा स्वस्त भाग घेण्यापेक्षा अनेकदा शहाणपणाचे ठरते. फायबरग्लास गंजत नाही, कुजत नाही, आणि वितळवून पुन्हा वापरताही येत नाही. टाकून दिलेली बॉडी पिढ्यान् पिढ्या कचऱ्यातच राहते. २०१४ मध्ये ‘ओल्ड रेड’ची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत झाली, म्हणजे एका गाडीची काळजी दप्तराने घेतली. बाकी हजारोंची काळजी दप्तर घेणार नाही.

या पुस्तकाने स्वतःला घातलेली मर्यादा मला योग्य वाटते. बीटलच्या सांगाड्यावरची फायबरची बगी, एका गाडीची जागा असलेले गॅरेज, साधी हत्यारे, आणि नोकरी सांभाळून काम करणारा माणूस, एवढेच त्याने गृहीत धरले आहे. पाककृतीसारख्या पायऱ्या देण्यापेक्षा प्रत्येक टप्प्यावर निर्णय कसा घ्यायचा हे ते शिकवू पाहते, आणि कोणते काम बाहेर द्यावे हे न लाजता सांगते. खरेदी-विक्रीचे भाव किंवा शर्यतीची तयारी त्यात शोधू नये. वाचकाला एवढीच विनंती: पाना हातात घेण्याआधी एक वही घ्या. गाडी आहे तशी चारही बाजूंनी, खालून, डॅशबोर्डमागून टिपा. प्रत्येक भोकाचे, जोडाचे आणि रंगाच्या थराचे माप व जागा लिहा. आधीचा मालक हयात असेल तर त्याला विचारून त्याचे उत्तर तारखेसह नोंदवा. तुम्ही जे बदलाल तेही, कारणासकट, त्याच वहीत लिहा, आणि गाडी विकाल त्या दिवशी वही गाडीबरोबर द्या.